विहिरीवरची पाटी

नाना,

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. तुमच्या वर्गातली बाकं बाहेर काढून सतरंज्या घातल्या होत्या. हेडमास्तर बोलले, मग गल्लीतले दोघंतिघं बोलले. नाना गुरुजींनी मुलांना खरं बोलायला शिकवलं, हे वाक्य सगळ्यांच्या बोलण्यात फिरून फिरून येत होतं. दर वेळी मी मान खाली घालत होते. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. माझे डोळे पुसायला त्यांनी पदर पुढे केला आणि डोळे कोरडे पाहून ओशाळून मागे घेतला.

मला रडू येत नव्हतं, नाना. मला लाज वाटत होती. वडिलांचं तेरावं नुकतं झालंय आणि मुलीला त्यांच्या स्तुतीची लाज वाटतेय, हे मी कुणाजवळ बोलू? आईजवळ काढलं तर ती म्हणाली, "आता ते कायले काढते तू?" म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

आधी तुमच्याकडून जे मिळालं ते लिहिते, नाहीतर पुढचं लिहिताना माझ्या हातून तुमच्यावर अन्याय होईल.

मी चौथीत होते आणि तुमच्याच वर्गात होते. देश स्वतंत्र होऊन फार दिवस झाले नव्हते. भिंतीवरच्या नकाशात संस्थानं पिवळी रंगवलेली होती. एखादं संस्थान सामील झाल्याची बातमी आली की तुम्ही त्यावर खडूने बारीक फुली मारायचात आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. इतिहासाचं जुनं पुस्तक बंद झालं होतं आणि नवं नागपूरहून आलेलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "नवं येईल तेव्हा येईल. तोवर आपला इतिहास आपणच सांगू." प्रत्येकाने आपल्या गल्लीचा इतिहास शोधायचा आणि उभं राहून सगळ्यांना सांगायचा, असं ठरलं.

तुम्ही आम्हाला ताप्तीच्या घाटावर नेलं होतं. पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून बादशहाच्या बेगमेची गोष्ट सांगितलीत आणि मग विचारलंत, "तिच्या घोड्यांना पाणी कोण पाजत होतं?" कुणालाच येईना. "ते लोक आपल्या गल्लीत राहत होते," तुम्ही म्हणालात. "बादशहाचं पुस्तकात येईल. त्यांचं तुम्ही नाही सांगितलं तर कोण सांगणार?" त्या दिवशी घरी परतताना मी गल्लीतल्या प्रत्येक घराकडे नव्याने बघत होते.

तुमचा नियम एकच होता. 'असं म्हणतात' हे शब्द वर्गात चालायचे नाहीत. कोण म्हणतं ते सांगायचं, आणि तुला कसं कळलं तेही सांगायचं. विणकरांच्या गल्लीतली एक मुलगी म्हणाली, "मला आजीने सांगितलं." तुम्ही विचारलंत, "आजीचं नाव काय?" तिला माहीत नव्हतं. तुम्ही तिला तिथूनच घरी धाडलंत. ती धावत गेली, धावत आली आणि दारातूनच ओरडली, "हलीमा! आजीचं नाव हलीमा आहे, गुरुजी!" सगळा वर्ग हसला. तुम्ही नाही हसलात. फळ्यावर ते नाव लिहिलंत, आणि पुढे, 'यांनी सांगितले'.

मला इतवारा पेठेच्या जुन्या दरवाजाचा इतिहास सांगायचा होता. संध्याकाळी तुम्ही मला गच्चीच्या एका टोकाला उभं करायचात आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जायचात. आवाज पोचला नाही की हात वर करायचात. मी पुन्हा पहिल्यापासून. आज मी वर्गात शिकवते तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो तो त्या गच्चीमुळे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. चांगलं सांगायचंही राहूनच गेलं, नाना.

आता विहिरीचं.

मी चौथीत गेले त्याच पावसाळ्यात सिंधकडची माणसं आपल्या गल्लीतल्या धर्मशाळेत उतरली. पहिले दोनतीन दिवस गल्लीने घरोघरच्या भाकऱ्या गोळा करून नेऊन दिल्या. आईनेही दिल्या, मी बरोबर होते. मग कुठूनतरी पटकीच्या साथीची बातमी आली आणि सगळे घाबरले. भीती खोटी नव्हती, हे मी आजही मान्य करते. गल्लीतली मोठी माणसं आपल्या ओट्यावर जमली. धर्मशाळेसमोरची विहीर सगळ्या गल्लीची, तिच्यात नव्या लोकांच्या बादल्या नकोत, असं ठरलं. पाटी लावायची, आणि अक्षर चांगलं म्हणून ती तुम्ही लिहायची.

तुम्ही अंगणात बसून पत्र्यावर काळ्या रंगाने लिहिलंत. आधी दोऱ्याने ओळी आखल्या होत्या. 'ही विहीर गल्लीच्या रहिवाशांसाठी आहे. बाहेरच्यांनी येथे पाणी भरू नये.' मी जवळ बसून बघत होते. किती सुंदर झाली होती पाटी! मला तुमचा अभिमान वाटला. तेव्हा एवढंच कळत होतं.

दसऱ्यानंतर त्या लोकांना गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये जागा मिळाली. धर्मशाळा रिकामी झाली. पाटी मात्र कुणाच्या लक्षातच राहिली नाही, ती तिथेच राहिली. दिवाळीनंतर त्यांच्यातली ईश्वरी आपल्या वर्गात आली. तिच्या वडिलांनी इतवाऱ्यात कापडाची फेरी सुरू केली होती आणि जवळची शाळा आपलीच. तिला फक्त सिंधी अक्षरं येत होती, उजवीकडून डावीकडे लिहायची. वयाने चौथीची म्हणून चौथीत बसवली. शाळा सुटल्यावर तुम्ही तिला रोज थांबवून घ्यायचात. फळ्यावर एकेक अक्षर काढायचात, ती आपल्या दगडी पाटीवर तसंच्या तसं उतरवायची. उशीर व्हायचा, मी दारात चुळबुळ करायचे, तुम्ही म्हणायचात, "थांब, तिचा 'ळ' होऊ दे." तुमच्याएवढ्या मायेने तिला दुसऱ्या कुणी शिकवलं नसतं. हे ईश्वरीही म्हणते. त्या मुलीला येत असलेलं देवनागरीतलं प्रत्येक अक्षर तुमचं होतं.

होळीच्या आधी आमचा कार्यक्रम ठरला. वर्गात नाही, गल्लीतच. ज्याची जी जागा तिथे तो मुलगा किंवा मुलगी उभी राहणार, आणि पाहुणे चालत चालत एकेकाचं ऐकत येणार. शाळा तपासायला डिप्टी साहेब येणार होते, तेही बघणार म्हणाले. तुम्ही ईश्वरीला सूट दिली होती. ती नवी, तिला गल्ली कुठली? पण दोन दिवस आधी ती तुमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "गुरुजी, मी पण सांगू?" तुम्हाला इतका आनंद झाला! "सांग की. तू धर्मशाळेत राहिलीस ना? धर्मशाळेचं सांग. कुणी बांधली ते विचारून ये." तिचं तुम्ही आधी ऐकून घेतलं नाहीत. वेळच नव्हता.

तो दिवस मी डोळ्यांपुढून घालवायचा फार प्रयत्न केला आहे. माझं दरवाजापाशी छान झालं. मग सगळ्यांबरोबर मीही मागोमाग चालत धर्मशाळेपाशी आले. ईश्वरी विहिरीच्या कट्ट्याजवळ उभी होती. तुम्ही शिकवलं होतं तशीच, पाय रोवून, हात सरळ. धर्मशाळा एका व्यापाऱ्याने ताप्तीवर स्नानाला येणाऱ्यांसाठी बांधली, हे तिने सांगितलं, आणि कुणी सांगितलं त्या म्हाताऱ्या पुजाऱ्याचं नावही. डिप्टी साहेब म्हणाले, "बहुत अच्छा."

आम्हाला वाटलं झालं. पण ती पुढे बोलायला लागली.

"मग आम्ही आलो. या लोकांनी आम्हाला भाकरी दिली. ती गोड लागली. मग विहिरीवर पाटी लागली. आम्हाला वाचता येत नव्हती. एका काकांनी सांगितलं, इधर से पानी मत लो. माझी आई नदीवरून पाणी आणायची. पावसाचं पाणी होतं, गढूळ. माझा भाऊ लहान होता. त्याला जुलाब झाले. तो त्या कोपऱ्यातल्या खोलीत मेला." तिने हात करून खोली दाखवली, दिशा दाखवायला तुम्ही शिकवलं होतं तसा पूर्ण हात लांब करून. "आता मला पाटी वाचता येते." आणि तिने ती मोठ्याने वाचली. एक अक्षर चुकलं नाही. "ही पाटी आमच्या गुरुजींनी लिहिली. मला कसं कळलं? अक्षर गुरुजींचं आहे."

नाना, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी समोरच होते, मी पाहिलंय. कोण, आणि कसं कळलं, दोन्ही सांगितलं होतं तिने. ती तुमच्याकडे बघत होती, शाबासकीसाठी.

डिप्टी साहेब तुमच्याकडे वळले. "क्या बात है, गुरुजी? आपने लिखा है?"

तुमचं कपाळ घामाने भिजलं होतं. तुम्ही म्हणालात, "नाही साहेब. पोरगी नवी आहे. तिला सगळ्यांचं अक्षर सारखंच दिसतं." मग तिच्याकडे बघून, अगदी हळू, "तुझा गैरसमज झाला, बेटा. ते अक्षर माझं नाही."

तिने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा तुमच्याकडे. "जी, गुरुजी," ती म्हणाली. "मेरी गलती." आणि कट्ट्यापासून बाजूला झाली.

सबंध गल्ली तिथे उभी होती. आपल्या ओट्यावर बसून ठरवणारे सगळे होते. अक्षर कुणाचं ते प्रत्येकाला माहीत होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. मग कुणीतरी "चला, चला" म्हणालं आणि पाहुण्यांना मावा जिलेबी दिली. ईश्वरीलाही एक मिळाली. ती हातात धरून उभी होती, पाक मनगटापर्यंत ओघळला तरी तिने ती खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाटी नव्हती. कुणी काढली हे कुणी विचारलं नाही. तुम्ही वर्गात आलात आणि खडू हातात घेतला नाहीत. "आजपासून फळ्यावर तुम्ही लिहायचं," असं मुलांना म्हणालात. त्यांना गंमत वाटली. कितीतरी दिवस तुम्ही फळ्यावर एक अक्षर काढलं नाहीत. ईश्वरी पहिल्या बाकावर बसायची आणि तुम्ही तिच्या डोक्यावरून मागे बघत शिकवायचात. शाळा सुटल्यावर थांबवून घेणं बंद झालं. चौथी पास होऊन ती गेली. नवं पुस्तक आलं आणि तुम्ही पुढची सगळी वर्षं पुस्तकातला इतिहास शिकवलात. मुलांना पुन्हा कधी गल्लीत उभं केलं नाहीत.

घरी तुम्ही तसेच होतात. मला जवळ घ्यायचात, शाहपुरला गेलात की केळ्यांचा अख्खा घड खांद्यावर घालून आणायचात. मीच बदलले. तुम्ही काही सांगायला लागलात की माझ्या मनात एक बारीक आवाज विचारायचा, हे खरं असेल का? बापाबद्दल असं मनात येणं काय असतं ते तुम्हाला माहीत नव्हतं. की होतं? तुम्ही मध्येच बोलायचे थांबायचात, ते त्यासाठीच का?

मी शिकले, मास्तरीण झाले, तुमच्याच शाळेत तिसरीच्या वर्गावर लागले. आपल्या प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, फायली हिंदीत यायला लागल्या, लोक रोज त्यावर वाद घालत होते. आपला वाद मात्र वेगळाच झाला, या दिवाळीच्या तोंडावर, सुट्टी लागली तेव्हा. मी म्हणाले, "नाना, मी मुलांकडून गल्लीचा इतिहास सांगून घेणार आहे. तुम्ही घ्यायचात तसा."

तुम्ही सुपारी कातरत होतात. अडकित्ता थांबला. "नको."

"का नको?"

"एवढ्याशा पोरांना उभं करू नये. त्यांना जे शिकवावं ते ती खरंच करतात."

"मग त्यासाठीच तर शिकवायचं ना, नाना?"

"मग आधी मोठ्यांना शिकव," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज चढला होता. "ऐकायला मोठी माणसं उभी असतात. पोरांचं काय, ती बोलून मोकळी होतात."

"ती मोकळी झाली असं वाटतं तुम्हाला?"

मी नाव घेतलं नव्हतं. तुम्हीही विचारलं नाहीत, कोण ती. तुम्ही सुपारी तशीच ताटलीत ठेवलीत, चपला घातल्यात आणि घाटाकडे निघून गेलात. अंधार पडल्यावर आलात ते जेवणाचंच बोललात. मला वाटलं, बोलू नंतर. मला वाटलं संक्रांतीपर्यंत तुमचा राग निवळेल. मग छातीत दुखल्याचं निमित्त झालं, आणि दवाखान्यात तुम्ही माझा हात धरून होतात, तेव्हा तुमच्या तोंडात दोनदा शब्द आला आणि परत गेला. मी म्हणाले, "बोलू नका नाना, दमाल." मी का म्हणाले तसं? तुमच्या काळजीने म्हणाले, की मलाच ऐकायचं नव्हतं? मला खरंच सांगता येत नाही.

तेराव्यानंतर ईश्वरी आली. आईने ओळखलं नाही. मी ओळखलं. आता तिचं लग्न झालंय, वडिलांचं इतवाऱ्यात पक्कं दुकान आहे, दुपारी तीच गल्ल्यावर बसते. आईपाशी बसून म्हणाली, "गुरुजींनी मला मराठी शिकवली." थोडा वेळ बसली. मी तिला पोचवायला दारापर्यंत गेले आणि तिथे माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "ईश्वरी, ते अक्षर नानांचंच होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"नंतर कळलं?"

"तभी माहीत होतं. रोज त्यांचंच तर गिरवत होते मी."

"मग 'मेरी गलती' का म्हणालीस?"

"गुरुजींना किती घाम आला होता. मला वाटलं आता ते सबके सामने गिर पडतील. मला भीती वाटली."

नऊ वर्षांची पोर, नाना. तिचा भाऊ गेलेला. आणि ती तुम्हाला सांभाळून घेत होती. सबंध गल्लीत तेवढं एकच माणूस तुमच्यासाठी पुढे झालं, आणि ते म्हणजे ती. त्या दारात उभं राहून मला जी लाज वाटली तशी आजवर वाटली नव्हती. तुमचीही वाटली आणि आम्हा सगळ्यांचीही.

मग तिने आणखी एक सांगितलं. दर दिवाळीआधी तुम्ही त्यांच्या दुकानात जायचात. मला एवढंच माहीत होतं की घरात कापड येतं. "गुरुजी कापड घ्यायचे, पिशवीत ठेवायचे, आणि उभे राहायचे," ती म्हणाली. "मी विचारायचे, और कुछ, गुरुजी? ते म्हणायचे, नाही. तरी उभेच. मग जायचे. यंदा पण आले होते."

म्हणजे आपला वाद झाला त्याच दिवसांत. माझ्याशी बोलता आलं नाही म्हणून तिच्याकडे गेलात, आणि तिथेही बोलता आलं नाही. हे ऐकल्यावर मात्र मला रडू आलं, नाना. पहिल्यांदा. त्या दुकानात पिशवी घेऊन उभे असलेले तुम्ही मला दिसलात आणि वाटलं, मी बरोबर असते तर? हळूच तुमच्या कोपराला हात लावला असता तर? बोलला असतात?

मी ईश्वरीला विचारलं, "मी माझ्या मुलांना धर्मशाळेपाशी आणणार आहे. येशील? तुझं जे राहिलं ते सांगायला?"

"येईन," ती म्हणाली. "भावाचं सांगेन. पण पाटी कोणी लिहिली ते मी नाही सांगणार. एकदा सांगून बघितलं."

"मग?"

"तू सांग."

मी हो म्हणाले. आईला कळल्यापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. गेलेल्या माणसाचं नाव असं चव्हाट्यावर कुणी आणतं का, विचारते. सगळ्या गल्लीने ठरवलं होतं, ते एकटे थोडेच होते, असंही म्हणते, आणि तिचं म्हणणं खोटं नाही. ओट्यावर कोण कोण बसले होते तेही मी सांगणार आहे. त्यातले दोघं काल शोकसभेत बोलले. त्यांना मी आज घरी जाऊन सांगून आले. एकाने दार लावून घेतलं. दुसऱ्याने एवढंच विचारलं, "किती वाजता?"

उद्या शनिवार, सकाळची शाळा. तिसरीची मुलं तिथे बसतील, ईश्वरी बोलेल, आणि मग मी उभी राहून सांगेन की ती पाटी माझ्या वडिलांनी लिहिली आणि विचारल्यावर नाही म्हणाले. कसं कळलं? मी शेजारी बसून बघत होते आणि त्या दिवशी तिथे होते. त्याच वडिलांनी या बाईंना वाचायला शिकवलं, हेही सांगेन. तुम्ही माझ्यावर रागावाल. रागवा, नाना. पण माझा आवाज शेवटच्या मुलापर्यंत पोचला नाही, तर हात वर करा.